चक्रीवादळानंतर वीज परत आणताना: पहिल्या तासापासून शेवटच्या घरापर्यंत

१० सप्टेंबर २०१७ला इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर आदळलं. तिथल्या सर्वांत मोठ्या वीज कंपनीच्या ४४ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि दहा दिवसांत ती परत आली. बरोबर दहा दिवसांनी, २० सप्टेंबरला, मारिया हे दुसरं चक्रीवादळ पोर्टो रिको या कॅरिबियन समुद्रातल्या अमेरिकेच्या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर याबुकोआजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. सगळं बेट अंधारात बुडालं. इथे ग्राहक होते सुमारे १५ लाख, फ्लोरिडातल्या त्या आकड्याच्या एक तृतीयांश. तरी शेवटच्या वस्त्यांमध्ये दिवे लागायला २०१८चा ऑगस्ट उजाडला. अकरा महिने लागले.

दोन्ही वादळांना एकाच तराजूत घालता येत नाही, हे मान्य. मारियाचा मारा जास्त होता, बेटावर प्रत्येक खांब जहाजाने आणावा लागत होता, मध्ये डोंगर आडवे होते, लाइनी जुन्या होत्या आणि तिजोरी रिकामी होती. पण फ्लोरिडात वादळ पोचायच्या आधीच बाहेरच्या लाइनमनच्या टोळ्या, म्हणजे गँग, येऊन थांबल्या होत्या, त्यांचे ट्रक कुठे लावायचे, जेवण-झोप कुठे, सकाळी कोणी कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून वस्त्यांकडे वीज नेणाऱ्या लाइनवर) जायचं हे ठरलेलं होतं. पोर्टो रिकोत बाहेरच्या मदतीची घडी बसायलाच कित्येक आठवडे गेले. तार जोडणारे हात सगळीकडे तितकेच कष्टाळू असतात. वेळ जातो तो कशानंतर काय करायचं हे ठरवण्यात. म्हणून या लेखात मी क्रमावर सगळ्यात जास्त भर दिला आहे. वीज कंपनीत काम करणाऱ्यांना तो उपयोगी पडावाच, पण ज्यांना आपल्या वस्तीसाठी अधिकाऱ्यांशी बोलावं लागतं, दवाखाना किंवा पाणीपुरवठा चालू ठेवावा लागतो, त्यांनाही पडावा.

वादळ अजून समुद्रात असताना

हवामान खात्याचा इशारा आल्यापासून वादळ पोचेपर्यंत साधारण तीन ते पाच दिवस हातात असतात. त्यात पुढची कामं उरकायची.

शेजारच्या कंपन्यांशी मदतीचा करार आधीपासून सहीशिक्क्यासह तयार असला पाहिजे. दर काय, विमा कोणाचा, साहित्य कोण देणार, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न अंधारात बसून सोडवायचे नसतात. येणाऱ्या गँगना तिथलं व्होल्टेज, खांबांची पद्धत, सुरक्षेचे नियम माहीत नसतात. प्रत्येक बाहेरच्या गँगबरोबर एक स्थानिक माणूस द्यायचा, हे तेव्हाच ठरवून त्याचं नावही लिहून ठेवायचं.

नकाशे आणि उपकेंद्रांचे सिंगल लाइन डायग्राम (काय कशाला जोडलंय ते दाखवणारे आराखडे) कागदावर छापून घ्या. सगळं कॉम्प्युटरवर आहे, हे उत्तर वादळानंतर चालत नाही. मारियानंतर दुसऱ्या दिवशी पोर्टो रिकोतले ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद होते. सॅटेलाइट फोन, व्हीएचएफ वायरलेस आणि कागद यांवरच पहिला आठवडा काढावा लागतो.

विजेवर ज्यांचा जीव अवलंबून आहे त्यांची घरवार यादी करा: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, व्हेंटिलेटर, घरचं डायलिसिस, फ्रिजमधलं इन्सुलिन, लिफ्टशिवाय खाली उतरू न शकणारे लोक. या यादीकडे मी पुढे परत येणार आहे.

आणि एक कठीण निर्णय: ज्या उपकेंद्रात समुद्राचं पाणी शिरण्याची खात्री आहे, ते आधीच बंद करा. बंद अवस्थेत भिजलेली साधनं धुऊन, वाळवून, तपासून बरीचशी वाचवता येतात. चालू अवस्थेत खारं पाणी लागलं की स्विचगिअर (वीज चालू-बंद करणारी साधनं) आणि रिले (बिघाड ओळखणारी साधनं) यांची पॅनेल जळून जातात. सँडी वादळात, २९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री, न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटन बेटाच्या टोकाशी पाण्याची पातळी जवळपास १४ फुटांवर गेली आणि पूर्वेकडच्या एका मोठ्या उपकेंद्रात पाणी शिरलं. त्या ठिणग्यांचा निळा-हिरवा उजेड नदीपलीकडून दिसला. बेटाचा दक्षिणेकडचा बराचसा भाग चार दिवस अंधारात राहिला. काही तास आधी वीज बंद केली तर लोक शिव्या घालतात, हे खरं आहे. पण त्या शिव्या काही आठवड्यांच्या अंधारापेक्षा स्वस्त पडतात.

वारा उतरला की आधी पाहणी

वारा ताशी साधारण ५५-६० किलोमीटरच्या खाली येईपर्यंत शिडीच्या गाड्या वर करायच्या नाहीत. या वेळात कंट्रोल रूममधून जेवढं कळेल तेवढं गोळा करा: कुठले ब्रेकर (बिघाड झाला की वीज तोडणारे मोठे स्विच) ट्रिप झाले, कुठली उपकेंद्रं उत्तर देत आहेत, स्मार्ट मीटर असतील तर कुठल्या भागातून प्रतिसाद येतो.

मग पाहणी दोन फेऱ्यांत करा. पहिली फेरी वेगाची. हेलिकॉप्टर, ड्रोन किंवा गाडीने पारेषण लाइनी (मनोऱ्यांवरच्या उच्चदाब लाइनी), उपकेंद्रं आणि मुख्य फीडर पाहून यायचं. या फेरीचा हेतू एकच: नुकसान दिवसांचं आहे, आठवड्यांचं की महिन्यांचं. बाहेरून किती गँग मागवायच्या ते यावर ठरतं. दुसरी फेरी पायी पेट्रोलिंगची. खांब क्रमांकासकट नोंद घ्यायची: खांब मोडला, वाकला की नुसता कलला, क्रॉस आर्म (खांबावरची आडवी पट्टी), इन्सुलेटर, जंपर (जोडतार), स्टे (खांबाला ताणून धरणारी तार) यांची अवस्था, किती गाळ्यांची तार तुटली, डीपीवरचं (गल्लीला वीज देणाऱ्या खांबांवरचं) रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे का, तेल गळतंय का, ट्रक तिथपर्यंत जातो का, झाड पडलंय तर करवतीने निघेल की क्रेन लागेल.

शेवटच्या दोन प्रश्नांकडे फार दुर्लक्ष होतं. खांब, तार, माणसं सगळं घेऊन गँग निघते आणि तीन किलोमीटर आधी वाहून गेलेल्या मोरीपाशी दिवसभर अडकते. रस्ते मोकळे करणारे, झाडं कापणारे आणि लाइनमन यांची सकाळची बैठक एकत्रच घ्या, आणि झाडं कापणारी गँग लाइनच्या गँगच्या एक दिवस पुढे ठेवा.

पाहणी करणाऱ्यांनी पडलेल्या प्रत्येक तारेला चालू समजायचं. तिच्यापासून निदान दहा मीटर लांब राहायचं. तार पाण्यात किंवा लोखंडी कुंपणावर पडली असेल तर ते सगळं पाणी आणि सगळं कुंपण चालू समजायचं. चुकून जवळ गेलात तर लांब ढांगा टाकत पळू नका. दोन पावलांमधल्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये जो फरक असतो तोच माणसाला मारतो, म्हणून पावलं जमिनीवरून न उचलता, एकमेकांना चिकटवून सरकत बाहेर या.

सगळंच बंद पडलं असेल तर: ब्लॅक स्टार्ट

बहुतेक वादळांत वितरणाच्या लाइनी पडतात, पण मागे कुठेतरी ग्रिड जिवंत असतं. मारियासारख्या वादळात तेही नसतं. मग सुरुवात अगदी शून्यातून करावी लागते, आणि घाई केली तर दोन दिवसांची मेहनत पाच सेकंदांत परत अंधारात जाते.

अडचण अशी की मोठं औष्णिक केंद्र सुरू करायलाच वीज लागते. पाण्याचे पंप, पंखे, तेलाचे हीटर, कंट्रोल यंत्रणा यांना मिळून केंद्राच्या क्षमतेच्या ५ ते १० टक्के. ती आणायची कुठून? ज्याला फारसं काही लागत नाही अशा केंद्रातून: जलविद्युत संच, जो बॅटऱ्या आणि छोट्या डिझेल सेटवर फिरू लागतो, किंवा स्वतःचा डिझेल स्टार्टर असलेला गॅस टर्बाइन. हा संच फिरला की त्याच्यापासून मोठ्या केंद्रापर्यंत एक वाट मोकळी करायची. त्या वाटेवरचे नको असलेले सगळे ब्रेकर उघडे ठेवायचे.

ती लाइन चार्ज करताना, म्हणजे तिच्यात वीज सोडताना, एक उलटा प्रकार होतो. लांब उच्चदाब लाइन रिकामी, म्हणजे भाराशिवाय चार्ज केली की दूरच्या टोकाला व्होल्टेज कमी होण्याऐवजी चढतं. ते हाताबाहेर गेलं तर रोहित्राचं इन्सुलेशन जातं. म्हणून व्होल्टेज थोडं खाली ठेवून सुरुवात करायची, आणि वाटेत थोडा थोडा भार जोडत जायचं.

भार घ्यायचा तोही घासाघासाने. चालू संचांच्या एकूण क्षमतेच्या साधारण ५ टक्क्यांहून मोठा भार एकदम घेऊ नये. घेतला की फ्रीक्वेन्सी खाली बसते, संरक्षक रिले काम करतात, संच ट्रिप होतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एक घास घ्यायचा, फ्रीक्वेन्सी पूर्ववत व्हायची वाट पाहायची, मग पुढचा. अशी एकमेकांपासून सुटी चालणारी विजेची दोन-तीन बेटं तयार झाली की ती एकमेकांना जोडायची. जोडताना दोन्ही बाजूंचं व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी आणि फेज जुळलेली असली पाहिजे. सिंक्रोस्कोपचा (हे जुळणं दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा हळूहळू फिरत बाराच्या जागी येतो तेव्हाच ब्रेकर लावायचा. त्या क्षणी खोलीत कोणी बोलत नाही, आणि बोलूही नये.

संपूर्ण ग्रिडची वाट पाहायची गरज नसते. ऑगस्ट २०२१च्या आयडा वादळात न्यू ऑर्लिन्सला वीज आणणाऱ्या आठही पारेषण लाइनी बंद पडल्या; मिसिसिपी नदीकाठचा मनोरा तारांसकट नदीत कोसळला. वादळ २९ ऑगस्टला आलं आणि १ सप्टेंबरला शहराच्या पूर्व भागात पहिले दिवे लागलेसुद्धा. शहराच्या हद्दीतच असलेलं गॅसवरचं वीज केंद्र यात उपयोगी पडलं. पोर्टो रिकोत याच्या उलट रचना होती: मोठी केंद्रं दक्षिण किनाऱ्यावर, मोठी मागणी उत्तरेला सान हुआनकडे, आणि मधल्या डोंगरांवरून जाणाऱ्या लाइनी आडव्या. केंद्र शाबूत असूनही वीज पोचवायला वाट नाही, अशी अवस्था झाली.

कोणाला आधी?

तांत्रिक क्रम झाडासारखा असतो: पारेषण, उपकेंद्र, मुख्य फीडर, फांद्या, डीपी, घराची सर्व्हिस वायर. खोड दुरुस्त केल्याशिवाय पान हिरवं होत नाही. म्हणूनच "आमच्या दारातून तीन वेळा गाडी गेली, थांबली नाही" ही तक्रार बहुतेक वेळा गैरसमजातून येते. ती गाडी ज्या दुरुस्तीकडे निघालेली असते, तिच्याशिवाय त्या दारात वीज येऊच शकत नाही.

एकाच पातळीवरच्या दोन दुरुस्त्यांमध्ये निवड करायची असेल तेव्हा आधी रुग्णालयं, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पंप, दूरसंचार, अग्निशमन, निवारा केंद्रं यांचे फीडर. नंतर एका गँगच्या एका दिवसात जास्तीत जास्त घरं उजळतील ते काम. हिशोब सोपा आहे आणि तो सगळीकडे वापरतात.

पण या हिशोबाची एक बाजू लंगडी आहे. जिथे घरं कमी आणि रस्ता लांब, ती वस्ती प्रत्येक वेळी शेवटी येते. पोर्टो रिकोत सगळ्यात जास्त थांबले ते डोंगरातले लोक. मारियाच्या बळींचा सरकारी आकडा आधी ६४ होता. नंतर झालेल्या अभ्यासात फेब्रुवारी २०१८पर्यंतचे जास्तीचे मृत्यू मोजले तेव्हा तो २,९७५वर गेला आणि सरकारने तो स्वीकारला. उपचार, औषधं, पाणी, वीज यांच्यावाचून पुढच्या महिन्यांत गेलेली माणसं त्यात आहेत. ज्यांचा फीडर शेवटी येणार हे पहिल्याच आठवड्यात दिसतंय, त्यांना त्याच आठवड्यात दुसऱ्या मार्गाने वीज पोचवायची. यादी करायची ती यासाठी.

कंट्रोल रूमच्या नकाशावर भाग हिरवा, म्हणजे चालू, दिसला म्हणून यादी बाजूला टाकू नका. इर्मानंतर फ्लोरिडातल्या एका नर्सिंग होममध्ये दिवे चालू होते. फक्त एसीला वीज देणाऱ्या रोहित्राचा फ्यूज उडाला होता. उकाड्यात तिथल्या १२ जणांचा बळी गेला. रस्त्यापलीकडे रुग्णालय होतं. कंट्रोल रूमच्या पडद्यावर अशी इमारत "चालू" दिसते. अशा ठिकाणी कोणीतरी पायी जाऊन आत डोकावायलाच हवं, रोज.

लाइनला हात लावण्याआधी

या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण वादळातून वाचलेली माणसं इथे जातात.

चित्र डोळ्यांसमोर आणा. सहावा दिवस, दुपार. गँग सकाळपासून चार खांब उभे करून आली आहे. पाचव्या खांबापाशी तार लोंबतेय, जोडायला दहा मिनिटांचं काम. कोणीतरी म्हणतं, "सगळ्या गावात लाइट नाही, मग ही लाइन कुठून चालू असणार?" वाक्य इतकं साधं वाटतं की मान डोलावली जाते.

ती चालू असते ती अशी. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी छोटा जनरेटर आणून त्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली आहे. मेन स्विच बंद केलेला नाही. घरातले २३० व्होल्ट सर्व्हिस वायरमधून उलटे डीपीवर जातात. रोहित्राला दिशा कळत नाही. ते एरवी ११ हजारांचे २३० करतं, आता २३० चे ११ हजार करून तारेवर चढवतं. लाइनमन याला रिटर्न सप्लाय म्हणतात.

म्हणून क्रम असा, आणि यातली एकही पायरी गाळायची नाही. कंट्रोल रूमकडून लेखी परमिट घ्या. एका लाइनवर दोन गँग असतील तर दोन वेगळी परमिटं. ज्या बाजूंनी वीज येऊ शकते त्या सगळ्या बाजूंचे एबी स्विच (लाइन तोडणारे खांबावरचे स्विच) आणि डीओ (खांबावरचे उघडता येणारे फ्यूज) उघडा, आणि ते उघडे आहेत हे डोळ्यांनी बघा. कुलूप लावा, पाटी अडकवा. मग टेस्टर. टेस्टर आधी चालू साधनावर किंवा त्याच्या चाचणी यंत्रावर तपासायचा, मग आपल्या लाइनवर तिन्ही फेज आणि न्यूट्रल बघायचे, आणि पुन्हा चालू साधनावर बघायचा, कारण मधल्या वेळात टेस्टरच बिघडला तर तोही "बंद" असंच सांगतो. यानंतर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. आधी जमिनीचं टोक घट्ट, मग डिस्चार्ज रॉडने (इन्सुलेटेड काठीने) लाइनचं टोक. काढताना उलट क्रम. लाइन बंद केली म्हणून ती मेलेली नसते. दोन्हीकडे अर्थिंग झालं की मगच हात लावायचा.

काम संपलं की माणसं मोजा, अर्थिंगचे संच मोजा, परमिट ज्याने घेतलं त्यानेच परत करा. सोळा तास काम आणि आठ तास झोप यापेक्षा जास्त कोणालाही ताणू नका. दमलेला माणूस मोजताना चुकतो.

फीडर उभा करणं

खांब लांबीच्या सहाव्या हिश्श्याइतका जमिनीत गेला पाहिजे. पावसाने भिजलेल्या मातीत तेवढं पुरत नाही. तळाशी दगड किंवा काँक्रीट, आणि वीतभर थर टाकून प्रत्येक थर ठोकायचा. कोपऱ्याच्या आणि टोकाच्या खांबांना स्टे आधी, तार नंतर. कललेला पण न मोडलेला खांब सरळ करून चालतो, मात्र बुंध्याशी भेग आहे का ते खणून बघा.

अॅल्युमिनियमची तार जोडताना हाताने पिळलेला जॉइंट घालून पुढे जायचा मोह होतो. तो काही आठवडे चालतो, तापतो आणि मग भर उन्हात तुटतो. तारेवरचा ऑक्साइडचा थर ब्रशने घासून, पेस्ट लावून, योग्य मापाची स्लीव्ह दाबूनच जॉइंट करा.

पडलेलं रोहित्र उचलून तसंच चढवू नका. बुशिंगला (तार जिथून आत जाते त्या इन्सुलेटरला) तडा, टाकीला गळती, तेलाची पातळी बघा, मेगर लावून इन्सुलेशन तपासा, तेलात पाणी गेल्याची शंका असेल तर बीडीव्ही चाचणी (तेल किती व्होल्टेज सोसतं ते बघणारी). किनाऱ्यालगत आणखी एक शत्रू असतो: मीठ. वाऱ्याने उडालेलं खारं पाणी इन्सुलेटरवर सुकून पांढरा थर देतं. कोरड्या दुपारी लाइन छान चार्ज होते आणि पहाटेच्या दवात तो थर ओला झाला की फ्लॅशओव्हर होऊन, म्हणजे थरावरून ठिणगी उडून, ट्रिप होते. चांगला पाऊस पडून गेला नसेल तर चार्ज करण्याआधी इन्सुलेटर स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या.

तारा नव्याने जोडल्या की फेजचा क्रम तपासा. दोन फेज उलटसुलट झाल्या तर घरातले दिवे बिनतक्रार लागतात, पण तीन फेजचा पाण्याचा पंप उलटा फिरतो. मग वीज आली तरी पाणी का येत नाही, हे शोधण्यात दिवस जातो.

आता चार्ज करायचं. बरेच दिवस बंद राहिलेला फीडर पहिल्या मिनिटांत नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त भार ओढतो. एरवी शंभर फ्रिज आणि एसी आळीपाळीने चालतात, एका वेळी त्यातले काहीच सुरू असतात. आठवडाभर गरम झाल्यावर सगळे एकदम सुरू होतात आणि अर्धा-एक तास थांबतच नाहीत. ब्रेकर ट्रिप होतो, गँगला वाटतं कुठेतरी फॉल्ट राहिला, आणि रात्रभर निर्दोष लाइनचं पेट्रोलिंग होतं. यावर उपाय फीडर तुकड्यांत घेण्याचा: फांद्यांचे डीओ उघडे ठेवून आधी मुख्य लाइन, मग एक फांदी, भार उतरेपर्यंत थांबा, मग दुसरी. लोकांनी वीज येण्याआधी एसी, गीझर, फ्रिज यांचे स्विच बंद ठेवले आणि एकच दिवा चालू ठेवला, तर हे काम खूप सोपं होतं.

ग्रिड पोचेपर्यंत

रुग्णालयाला जनरेटर द्यायचा तर तो कुठे लागणार, किती क्षमतेचा, केबल किती लांब, हे आधी ठरलेलं असावं. मोटर सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते, म्हणून नुसती वॅटची बेरीज करून जनरेटर निवडू नका. डिझेलइतकाच देखभालीचा विचार करा. साधारण अडीचशे तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलावे लागतात. सलग चालवला तर ती वेळ दहा दिवसांतच येते. छोट्या पेट्रोल जनरेटरची वेळ त्याहून बरीच आधी येते. दुसऱ्या आठवड्यात पटापट बंद पडणारे जनरेटर बहुतेक वेळा याच कारणाने गेलेले असतात.

घरगुती जनरेटरसाठी दोनच नियम, पण दोन्ही जिवाचे. चेंजओव्हर स्विचशिवाय (ग्रिड तोडून मगच जनरेटर जोडणाऱ्या स्विचशिवाय) तो घराच्या वायरिंगला जोडायचा नाही. एक्स्टेन्शनने थेट उपकरणं लावा. आणि तो घराबाहेर, निदान सहा मीटर लांब, धूर खिडकीकडे येणार नाही असा ठेवायचा. गॅरेज, व्हरांडा, जिन्याखालची जागा चालणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२०च्या लॉरा वादळानंतर लुईझियानात जनरेटरच्या धुराने झोपेतच कुटुंबं दगावली.

छतावर सोलर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेलं की स्वतःला बंद करतो, आणि लाइनमनच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. बॅटरी आणि ग्रिडपासून वेगळं होण्याची सोय असेल तरच अंधारात उपयोग. पोर्टो रिकोच्या डोंगरातल्या अधुंतास गावात कासा पुएब्लो नावाची संस्था १९९९पासून सौरऊर्जेवर चालते. मारियानंतर आसपासचे लोक तिथे फोन चार्ज करायला आणि श्वसनाची उपकरणं चालवायला येत होते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला तीन-चारशे वॅट पुरतात. वस्तीतल्या एका शाळेवर किंवा सभागृहावर पॅनेल आणि बॅटरी असेल, तर यादीतल्या बहुतेकांची सोय तिथे होते.

लोकांना काय सांगायचं

खरी तारीख सांगा. "लवकरच" म्हणू नका. पहिल्या दिवशी फक्त एवढंच सांगता येतं की पाहणी सुरू आहे आणि अंदाज कधी देणार. तो अंदाज मग फीडरवार द्या. तीन आठवडे लागणार असतील तर तीन आठवडे म्हणा. माणूस औषधांची सोय करतो, म्हाताऱ्या आईला नातेवाइकांकडे हलवतो. रोज "उद्या" ऐकणारा यातलं काहीच करत नाही. कोणता फीडर कोणत्या क्रमाने आणि का, हे कागदावर लिहून निवारा केंद्रात, दवाखान्यात, पाण्याच्या टँकरपाशी चिकटवा, कारण फोन चालत नसतात.

शेवटची घरं

फीडर चार्ज झाला, नकाशा हिरवा झाला, बाहेरच्या गँग परत निघाल्या. इथेच काही घरं मागे राहतात: डीपीवरचा एक फ्यूज उडालेला, सर्व्हिस वायर तुटलेली, मीटरची पेटी भिंतीसकट गेलेली. गँग सोडण्याआधी प्रत्येक डीपीखालच्या एका तरी घरात जाऊन विचारा. ज्या घरात पाणी शिरलं होतं, तिथे वायरिंग आणि मेन स्विच इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय वीज जोडू नका. भिजलेल्या बोर्डातून आग लागते. त्या घरवाल्याला नुसतं "तुमचं तुम्ही बघा" म्हणून सोडू नका. तपासणारे इलेक्ट्रिशियन वस्तीत एकत्र आणले तर एका दिवसात गल्ली पूर्ण होते.

शेवटी तात्पुरत्या कामांची नोंद. घाईत झाडाला बांधलेला स्टे, कमी जाडीची तार, रिलेशिवाय जोडलेला ब्रेकर, प्रत्येकाची जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि दुरुस्तीचं वेळापत्रक गँग जागेवर असतानाच बनवा. पोर्टो रिकोत ५० हजारांहून जास्त खांब नव्याने उभे राहिले, तरी ग्रिड नाजूकच होतं. १८ एप्रिल २०१८ला, मारियानंतर जवळपास सात महिन्यांनी, पडलेला मनोरा हटवणारं एक यंत्र शेजारच्या पारेषण लाइनच्या फार जवळ गेलं आणि सगळं बेट पुन्हा अंधारात गेलं. म्हणून रुग्णालयं आणि पाण्याच्या पंपांवरचे जनरेटर वीज आली त्या दिवशी उचलून नेऊ नका. मुख्य लाइनींना पर्यायी वाट तयार होईपर्यंत ते तिथेच, टाकी भरून, दर आठवड्याला भार देऊन चालवून बघत राहू द्या.